जुन्या मोटारीची निगा आणि तिचा हिशेब



आपल्या पलूस भागात दारात मोटार उभी असणे ही आता नवलाची गोष्ट राहिलेली नाही. उसाचे बिल येते. द्राक्षाचे, बेदाण्याचे पैसे होतात. मुलगा पुण्याला नोकरीला लागतो. मग घरात विषय निघतो, "एखादी जुनी गाडी घेऊ या की." नवी गाडी घ्यायची तर कित्येक लाख रुपये मोजावे लागतात. दहा-बारा वर्षांची जुनी गाडी लाख-दीड लाखातही मिळून जाते. त्यातही मागे वेगळी डिकी असलेली लांब गाडी पुष्कळांच्या मनात भरते. तिला सेडान म्हणतात. घरची पाच माणसे आत बसतात. पिशव्या, बोचकी डिकीत राहतात. म्हाताऱ्या माणसांना पाय सोडून बसता येते.

गाडी दारात आली. हार घातला, नारळ फोडला, पेढे वाटले. पुढे काय? पुढच्या खर्चाचा विचार फार थोडी माणसे करतात. हा धडा त्या पुढच्या खर्चाविषयी आहे.

आम्ही काही मिस्त्री नव्हे. आमचा जन्म खडू-फळ्यात गेला. पण हिशेब शिकवणे हे आमचे काम होते, आणि गाडी सांभाळणे हे निम्मे हिशेबाचेच काम आहे. उरलेले निम्मे आम्ही गॅरेजच्या बाकावर बसून, जाणत्या मिस्त्री लोकांना विचारून समजावून घेतले. तेच इथे सांगतो.

यंत्राशी आपली ओळख जुनी आहे

यंत्राची निगा ही गोष्ट आपल्या भागाला नवी नाही. पलूसच्या शेजारी किर्लोस्करवाडी आहे. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानातल्या उजाड माळावर तिथे कारखाना घातला. लोखंडी नांगर तिथे तयार होऊ लागले. आपल्या आजा-पणजांनी ते नांगर वापरले. पुढे विहिरीवर पाण्याची इंजिने आली. इंजिनात ऑइल किती आहे हे पाहिल्याशिवाय हँडल मारायचे नाही, हे त्या काळी अडाणी माणसालाही ठाऊक होते.

मोटारीचेही तसेच. आपल्या सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाईल्स ही कंपनी काढली. तिचा कारखाना मुंबईत कुर्ल्याला होता. जुन्या माणसांना फियाट गाडी आठवत असेल. ती तिथेच होत असे. १९६४ साली आलेली 'फियाट ११०० डिलाइट' ही गाडी १९७४ पासून 'प्रीमियर पद्मिनी' या नावाने विकली जाऊ लागली. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणजे हीच गाडी. कारखान्यातून नवी गाडी निघणे बंद झाल्यावरही या टॅक्सी पुष्कळ वर्षे धावत होत्या. मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा आहे. त्या नियमाने शेवटची पद्मिनी टॅक्सी २०२३ सालच्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून गेली. म्हणजे ती वीस वर्षे चालली. टॅक्सीवाल्याचे पोट गाडीवर असते. गाडी बंद तर त्या दिवशी चूल बंद. म्हणून त्याला तिची निगा राखावीच लागते.

आपले पोट गाडीवर नसते. म्हणून आपण तिच्याकडे काणाडोळा करतो. आणि एक दिवस रात्री-अपरात्री घरातल्या आजारी माणसाला सांगली-मिरजेला न्यायची वेळ येते, आणि गाडी चालू होत नाही. त्या वेळी पैसे असूनही उपयोग नसतो.

गाडी काय मागते?

बैलाला वैरण लागते. पण नुसत्या वैरणीवर बैल चालतो का? त्याला पाणी लागते. खुरांना पत्र्या माराव्या लागतात. पावसाळ्याआधी टोचून घ्यावे लागते. बैलगाडीच्या चाकाला वंगण घालावे लागते. वंगणावाचून चाक ओरडते, आणि पुढे कणाच झिजतो.

पेट्रोल ही मोटारीची वैरण. ती आपण घालतोच, कारण ती घातल्याशिवाय गाडी हलत नाही. बाकीच्या गोष्टी नसल्या तरी गाडी काही दिवस हलते. फसगत इथेच होते. गाडी चालते आहे म्हणजे ठीक आहे, असे आपण समजतो.

आता एकेक गोष्ट पाहू.

१. ऑइल

ऑइल म्हणजे इंजिनाचे वंगण. इंजिनात लोखंडावर लोखंड मिनिटाला हजारो वेळा घासते. मध्ये ऑइलचा पातळ थर असतो, म्हणून ते झिजत नाही. हे ऑइल हळूहळू घाण होते, जळते, आणि त्याचा गुण जातो.

ऑइल कधी बदलायचे ते गाडीच्या पुस्तकात लिहिलेले असते. पुष्कळ गाड्यांना १०,००० किलोमीटर किंवा एक वर्ष, यांपैकी जे आधी येईल ते, असा नियम असतो. पण आपल्याकडे उसाच्या हंगामात रस्त्याला धुरळा फार. गाडी शेतात जाते. थोडे थोडे अंतर जाऊन बंद होते. अशा गाडीला ऑइल लवकर बदलावे, असे त्याच पुस्तकात सांगितलेले असते. जुन्या गाडीला ५,००० ते ७,००० किलोमीटरला ऑइल बदलले तर ते वाया जात नाही. ऑइलबरोबर ऑइलचा फिल्टरही बदलावा. नुसते ऑइल बदलून जुना फिल्टर ठेवणे म्हणजे अंघोळ करून पुन्हा मळके धोतर नेसण्यासारखे आहे.

आठवड्यातून एकदा ऑइल स्वतः पाहावे. गाडी सपाट जागी उभी करा. इंजिन बंद करून थोडा वेळ थांबा. बॉनेट उघडा. ऑइल मोजायची पट्टी ओढून काढा. फडक्याने पुसा. पुन्हा पूर्ण आत घाला आणि काढा. पट्टीवर दोन खुणा असतात. ऑइल त्या दोन खुणांच्या मध्ये असावे. खालच्या खुणेच्या खाली गेले असेल तर गाडी चालवू नका. ऑइल दुधाळ दिसले तर त्यात पाणी मिसळले असण्याचा संभव असतो. ताबडतोब मिस्त्रीला दाखवा.

गॅरेजमध्ये नेहमी ऐकू येणारे बोलणे असे असते:

"तात्या, ऑइल कवा बदललंय?"

"दिवाळीच्या आदी बदललंय बघ."

"कुठल्या दिवाळीच्या? ह्या का मागच्या?"

"आता ते कुठं ध्यानात राहतंय, बाबा!"

ध्यानात राहत नाही, हे खरेच आहे. म्हणून लिहून ठेवायचे. त्याविषयी पुढे सांगू.

२. पाणी आणि कूलंट

इंजिन तापते. त्याला थंड ठेवण्यासाठी रेडिएटरमध्ये पाणी फिरते. नुसते पाणी घालू नये. त्यात कूलंट नावाचे औषध असते. ते पाणी उकळू देत नाही आणि आत गंज धरू देत नाही. आपल्याकडे बोअरच्या पाण्यात क्षार फार असतात. पाणी तापवायच्या भांड्यात पांढरा थर बसतो ना? तसाच थर रेडिएटरमध्ये बसतो आणि पाण्याची वाट बंद होते. म्हणून बोअरचे पाणी घालू नये. तयार कूलंट घालावे, किंवा डब्यावर सांगितल्याप्रमाणे शुद्ध केलेल्या पाण्यात ते मिसळून घालावे.

एक गोष्ट जिवाची आहे. इंजिन तापलेले असताना रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नका. उकळते पाणी उसळून तोंडावर येते. गाडी तापल्याचा काटा वर गेला तर गाडी बाजूला घ्या, इंजिन बंद करा, आणि ते पुरते गार होईपर्यंत थांबा. "गाव जवळच आहे, जाऊ तसंच," असे म्हणून पुढे गेले तर इंजिनाचे गॅस्केट जाते, हेड वाकते, आणि हजाराचे काम पाव लाखावर जाते.

३. हवेचा फिल्टर

इंजिनाला श्वास घ्यावा लागतो. त्याच्या नाकावर एक कागदी गाळणी असते. धुरळ्याने ती बुजली की गाडी दम खाते आणि पेट्रोल जास्त पिते. ही गाळणी स्वस्त असते. दर सर्व्हिसिंगला उघडून पाहावी. काळी झाली असेल तर बदलावी. पाण्याने धुऊ नये.

४. ब्रेक

गाडी चालली नाही तर आपण घरी राहू. गाडी थांबली नाही तर? म्हणून ब्रेकच्या कामात काटकसर करू नये.

ब्रेक दाबताना चर्रर असा आवाज येऊ लागला तर पॅड संपत आले असे समजावे. ते लगेच बदलले तर पॅडचाच खर्च येतो. तसेच दामटत राहिलो तर लोखंडावर लोखंड घासते, आतली चकती खराब होते, आणि खर्च दुप्पट-तिप्पट होतो. ब्रेकचे तेल हवेतली ओल धरते. म्हणून ते साधारण दोन वर्षांनी बदलावे लागते. ब्रेक दाबल्यावर पाय खाली जाऊ लागला, किंवा ब्रेकच्या तेलाचा लाल दिवा लागला, तर गाडी जागची हलवू नका. मिस्त्रीला घरी बोलवा.

५. टायर

टायर म्हणजे गाडीच्या पत्र्या. टायरच्या खाचांत छोटे उंचवटे असतात. टायर झिजून त्या उंचवट्यांच्या बरोबरीला आला की तो संपला. खाच १.६ मिलिमीटरपेक्षा कमी राहिली तर पावसात टायर रस्ता धरत नाही.

टायरचे वयही पाहावे. टायरच्या अंगावर एका लांबट चौकटीत चार आकडे असतात. ते इंग्रजी आकडे असतात, पण तेही शिकून घेण्यासारखे आहेत. समजा तिथे २३१९ असे आहे. पहिले दोन आकडे आठवडा सांगतात, पुढचे दोन वर्ष सांगतात. म्हणजे हा टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात झाला. जुनी गाडी घेताना "टायर नवे हायत" असे कोणी म्हणाले, तर आधी हे चार आकडे वाचा. फार जुना टायर दिसायला चांगला असला तरी त्याचे रबर कडक होते, त्याला बारीक भेगा पडतात आणि उन्हाळ्यात वेगात तो फुटू शकतो.

हवा पंधरा दिवसांनी पाहावी. किती हवा भरायची ते पुष्कळ गाड्यांत चालकाच्या दाराजवळच्या चौकटीत लिहिलेले असते. हवा भरताना टायर गार असावेत. स्टेपनीलाही हवा भरून घ्यावी. स्टेपनीची आठवण आपल्याला पंक्चर झाल्यावरच होते.

६. बॅटरी

बॅटरी साधारण तीन ते चार वर्षे टिकते. तिच्या टोकांवर पांढरी-हिरवी भुकटी जमते. ती साफ करून घ्यावी. सकाळी चावी फिरवल्यावर इंजिन कण्हत कण्हत फिरू लागले, तर बॅटरी तपासून घ्यावी. अडल्या दिवशी घेतलेली बॅटरी नेहमी महाग पडते, कारण तेव्हा आपण भाव विचारत नाही.

७. इंजिनातला पट्टा

काही गाड्यांच्या इंजिनात एक रबरी पट्टा असतो. त्याला टायमिंग बेल्ट म्हणतात. काही गाड्यांत त्याऐवजी साखळी असते. पट्ट्याची मुदत ठरलेली असते. ती गाडीच्या पुस्तकात पाहावी किंवा मिस्त्रीला विचारावी. हा पट्टा तुटण्यापूर्वी आवाज करीलच असे नाही. तो अचानक तुटतो. तुटला की पुष्कळ इंजिनांत आतले व्हॉल्व्ह वाकतात. जुनी गाडी घेतली आणि पट्टा कधी बदलला हे विकणाऱ्याला सांगता येत नसेल, तर तो बदलूनच घ्यावा.

शेतकऱ्याच्या घरची गाडी

शहरातल्या गाडीला नसलेले काही धोके आपल्या गाडीला असतात.

कडब्याच्या गंजीजवळ गाडी उभी केली की उंदीर बॉनेटमध्ये शिरतात आणि तारा कुरतडतात. गाडी मोकळ्या जागी ठेवा. चार-आठ दिवस चालवली नाही तर बॉनेट उघडून पाहा.

औषध मारायच्या दिवसांत मोरचूद आणि औषधांचे डबे डिकीतून नेऊ नका. मोरचूद सांडला की पत्रा खातो. शिवाय त्याच डिकीत पुढे आपण घरचे जिन्नस ठेवतो.

सेडान गाडी माणसांसाठी आहे. द्राक्षाचे क्रेट आणि खताची पोती भरली की शॉकअप बसतात, गाडी मागून खाली टेकते, आणि टायर वेडेवाकडे झिजतात. एक टेम्पोभाडे वाचवायला जाऊन आपण चार भाड्यांचा खर्च ओढवून घेतो.

महापुरातली गाडी

कृष्णाकाठच्या लोकांना हे वेगळे सांगायला नको. २००५, २०१९ आणि २०२१ साली कृष्णेला महापूर आले. भिलवडी, अंकलखोप, ब्रह्मनाळ या बाजूला घराघरांत पाणी शिरले. मोटारीही पाण्यात गेल्या.

पाण्यात बुडालेली गाडी असेल तर चावी फिरवू नका. इंजिनात पाणी असते. चावी फिरवली की पाणी दाबले जात नाही, आणि आतला दांडा वाकतो. आधी बॅटरीची तार सोडवा. गाडी ओढून गॅरेजला न्या. सगळी ऑइले काढून, आत कोरडे करून मगच ती चालू करतात.

जुनी गाडी घेताना ती पुरातली नाही ना, हे पाहून घ्या. गालिचा उचलून खाली गाळ आहे का पाहा. डिकीत स्टेपनीखालची जागा पाहा. सीटचा पट्टा पुरता बाहेर ओढून त्यावर मातीची रेघ आहे का पाहा. सीटखालचे बोल्ट गंजले आहेत का पाहा. काचा बंद करून आत कुबट वास येतो का ते घ्या. पुरातल्या गाडीच्या तारा हळूहळू आतून गंजतात. तिचा खर्च संपत नाही.

कागदांची निगा

गाडीचे कागद हाही निगेचाच भाग आहे. नोंदणीचे पुस्तक म्हणजे आरसी, विमा, आणि धुराचे प्रमाणपत्र म्हणजे पीयूसी, हे तीन कागद चालू असले पाहिजेत. गाडी विकत घेतली तर आरसीवर आपले नाव लावून घ्या. "लावू की सावकाश," असे म्हणू नका.

विम्याचे दोन भाग असतात. एक तिऱ्हाइताचा विमा. तो कायद्याने घ्यावाच लागतो. आपल्या गाडीने दुसऱ्याचे नुकसान झाले तर तो भरपाई देतो. आपल्या गाडीचे नुकसान तो देत नाही. पूर, आग, चोरी यांसाठी दुसरा भाग वेगळा घ्यावा लागतो. १,००० ते १,५०० सीसी इंजिनाच्या घरगुती मोटारीला तिऱ्हाइताच्या विम्याचा वर्षाचा दर २०२२ साली ३,४१६ रुपये ठरला. त्यावर कर वेगळा.

घरगुती मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. पुढे गाडी तपासून घेऊन पाच-पाच वर्षांनी नवी करावी लागते. पूर्वी याला ६०० रुपये लागत. १ एप्रिल २०२२ पासून ते ५,००० रुपये झाले. २०२५ सालच्या ऑगस्टमध्ये वीस वर्षांवरच्या मोटारीसाठी १०,००० रुपये केले गेले. शिवाय पंधरा वर्षांवरच्या गाडीला पर्यावरण कर असतो. हे दर बदलत असतात. आपल्या एमएच १० च्या कार्यालयात जाऊन चौकशी करावी. चौदा वर्षांची गाडी स्वस्त मिळते, त्याचे एक कारण हे असते. घेणाऱ्याने हा खर्च किमतीत धरला पाहिजे.

आता हिशेब मांडू

आता पाटी-पेन्सिल घ्या. खालचे आकडे आम्ही समजण्यासाठी धरले आहेत. तुमच्या मिस्त्रीला आणि दुकानदाराला विचारून तुमचे आकडे त्या जागी घाला. गाडी वर्षाला ८,००० किलोमीटर चालते असे धरू.

ऑइल, फिल्टर, मजुरी: ६,००० रुपये.
विमा, करासह: ४,५०० रुपये.
टायर: चार टायरना २०,००० रुपये, पाच वर्षे चालतात. म्हणजे वर्षाला ४,००० रुपये.
बॅटरी: ४,८०० रुपये, चार वर्षे चालते. म्हणजे वर्षाला १,२०० रुपये.
ब्रेक, क्लच, शॉकअप वगैरे: ७,००० रुपये.
पीयूसी, पंक्चर, अलाइनमेंट: १,३०० रुपये.

बेरीज करा. २४,००० रुपये झाले. म्हणजे महिन्याला २,००० रुपये. अडीअडचणीसाठी महिन्याला आणखी ५०० रुपये धरा. वर्षाचे ३०,००० रुपये झाले. यात पेट्रोल नाही.

३०,००० ला ८,००० ने भागा. किलोमीटरला पावणेचार रुपये येतात. आता पेट्रोल. गाडी लिटरला १५ किलोमीटर जाते आणि लिटरचा भाव १०५ रुपये आहे असे धरा. किलोमीटरला ७ रुपये झाले. दोन्ही मिळून पावणेअकरा रुपये. सांगलीला जाऊन येऊन ६० किलोमीटर धरले तर ६४५ रुपये खर्च झाले. आपल्या मनात मात्र ४२० रुपयांचे पेट्रोलच असते. उरलेले २२५ रुपये आपण त्या दिवशी देत नाही. गाडी ते उधार मांडून ठेवते, आणि एक दिवस सगळी उधारी एकदम मागते.

घर चार माणसांचे असेल, बरोबर आजारी माणूस किंवा लहान मूल असेल, तर हा खर्च सोसावा. एकट्या माणसाला सांगलीला कचेरीत जायचे असेल तर एसटी बरी. गाडी आहे म्हणून ती काढलीच पाहिजे असे नाही.

पैसे कुठून आणायचे?

नोकरदाराला महिन्याला पगार असतो. आपल्याला नसतो. उसाचे बिल येते तेव्हा हात ओला असतो, आणि गाडीचे काम निघते ते नेमके आषाढात, जेव्हा खते-बियाण्यांत पैसा गेलेला असतो. मग मिस्त्री म्हणतो, "आण्णा, पॅड संपल्यात." आपण म्हणतो, "बिल आल्यावर बघू." बिल येईपर्यंत पॅडबरोबर चकतीही जाते.

यावर उपाय सोपा आहे. उसाचे किंवा द्राक्षाचे पैसे हातात आले की गाडीचे वर्षाचे पैसे त्याच दिवशी बाजूला काढा. बँकेत किंवा पोस्टात वेगळे ठेवा. बैलाची वैरण आपण वर्षाची भरून ठेवतो ना? तसेच हे. एवढे पैसे बाजूला काढणे जमत नसेल, तर गाडी आपल्याला परवडत नाही, असे समजावे. त्यात कमीपणा काही नाही.

गाडीची वही

एक शंभर पानी वही घ्या. तिच्यावर गाडीचा नंबर लिहा. आत चार रकाने पाडा: तारीख, काट्यावरचे किलोमीटर, काय काम केले, किती रुपये लागले. पहिल्या पानावर विमा आणि पीयूसी संपण्याच्या तारखा मोठ्या अक्षरांत लिहा.

वही घरात एकाने सांभाळावी. साक्षरतेच्या वर्गात येणाऱ्या भगिनींना आमचे मुद्दाम सांगणे आहे, ही वही तुम्ही ठेवा. गाडी मुलगा चालवतो, पैसे घरधनी देतो, पण किती गेले हे दोघांनाही सांगता येत नाही. वही ज्याच्या हातात, त्याला घरात विचारले जाते.

गॅरेजमध्ये काम झाल्यावर लेखी बिल मागा. बिलात प्रत्येक भागाचे नाव आणि किंमत वेगळी असावी, मजुरी वेगळी असावी. नव्या भागाच्या खोक्यावर किंमत छापलेली असते, ती वाचून पाहा. काढलेला जुना भाग परत मागा. चांगल्या मिस्त्रीला याचा राग येत नाही. उलट, गिऱ्हाईक जाणते आहे म्हणून तोही काम नीट करतो. आणि चांगला मिस्त्री भेटला की त्याची मजुरी वेळेवर द्या. सारखी घासाघीस करून गॅरेज बदलत राहू नका. आपल्या गाडीची खोड ज्याला ठाऊक, त्याचे काम शेवटी स्वस्त पडते.

गाडी कधी द्यावी?

प्रत्येक गाडीचा शेवट असतो. वही असली की तो दिसतो. एका वर्षाचा दुरुस्तीखर्च गाडीच्या बाजारभावाच्या निम्म्यावर गेला, आणि पुढच्या वर्षीही तसेच होणार असे मिस्त्री म्हणू लागला, तर थांबावे. पत्रा खालून गंजला असेल तर मायेपोटी गाडी ठेवू नये. त्यात बसणाऱ्यांच्या जिवाचा प्रश्न असतो. भंगारात द्यायची तर सरकारमान्य केंद्रात द्या, तिथले प्रमाणपत्र घ्या, आणि नोंदणी रद्द करून घ्या. नाहीतर गाडी मोडीत जाते, आणि तिचा नंबर आपल्या नावावर राहतो.

पण नीट सांभाळलेली गाडी लवकर त्या वाटेला जात नाही. खर्च चुकवला तर तो संपत नाही. तो पुढे जातो आणि वाढून परत येतो. वेळेवर घातलेले चार लिटर ऑइल इंजिन वाचवते. वेळेवर वाचलेले टायरवरचे चार आकडे माणसे वाचवतात. ते आकडे वाचण्याची विद्या आता तुमच्यापाशी आहे. तिचा उपयोग करा.

वाचा आणि सांगा

१. ऑइलबरोबर आणखी काय बदलावे?
२. टायरवर ०८२१ असे आकडे आहेत. तो टायर कोणत्या वर्षी झाला?
३. इंजिन गरम असताना रेडिएटरचे झाकण का उघडू नये?
४. टायरचा संच १८,००० रुपयांना घेतला आणि तो साडेचार वर्षे चालला. वर्षाला किती खर्च पडला?
५. तुमच्या घरी मोटारसायकल, ट्रॅक्टर किंवा मोटार असेल, तर तिचा या महिन्याचा खर्च वहीत मांडून वर्गात आणा.